वुप्परकाठचे वस्तरे

फोविंकेलला रेल्वे डोक्यावरून जाते. पुलावरून नव्हे, वरच्या रुळाला टांगलेली, पोट रस्त्याकडे करून. जर्मनीतल्या वुप्परटाल शहराची ही लोंबती गाडी १९०१ साली सुरू झाली. तिची तेरा किलोमीटरची वाट बहुतेक वुप्पर नदीच्या पात्रावरून जाते आणि शेवटी, फोविंकेलमध्ये, नदी सोडून हमरस्त्यावर येते. १९५० साली एका सर्कशीनं जाहिरातीसाठी या गाडीत हत्तीचं पिल्लू चढवलं होतं. गाडी हलल्यावर ते बिथरलं, डब्याची बाजू फोडून थेट नदीत पडलं आणि किरकोळ खरचटण्यावर निभावलं. ही गोष्ट मला भेटेल त्या विक्रेत्यानं सांगितली. वस्तऱ्याची किंमत मात्र कुणी कमी केली नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी या लोखंडी कमानींखाली जुना बाजार भरायचा. एका दिवसात उठणारा जगातला सर्वांत मोठा बाजार, असा त्याचा लौकिक. मी गेलो त्याला आता बरीच वर्षं झाली. भाचा तेव्हा ड्युसेलडॉर्फला नोकरीला होता. त्यानं फोनवर सांगितलं, "मामा, तुझ्या त्या वस्तऱ्यांचं गाव माझ्या घरापासून लोकलनं अर्ध्या तासावर आहे. आणि त्याच्या शेजारी आपल्या जुन्या बाजाराचा बाप भरतो." एवढं कळल्यावर घरी थांबणं शक्य नव्हतं.

वस्तऱ्यांचा नाद मला पुण्यातच लागला. नव्वदच्या दशकात एड्सच्या धास्तीनं न्हाव्यांनी अर्ध्या ब्लेडचे वस्तरे धरले आणि धोकट्यांमधले पिढीजात वस्तरे मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात येऊन पडायला लागले. कुलपं, नळाच्या तोट्या, बंद घड्याळं यांच्या ढिगात. बहुतेक जाड, बोजड, धार काढून काढून निम्मे उरलेले. पण अधूनमधून एखादं निराळं पातं निघायचं. हातात हलकं, नखानं छेडलं तर झणकणारं, आणि मानेवर बारीक अक्षरांत शहराचं नाव : सोलिंगेन. आमच्या पेठेतले नाभिककाका असल्या वस्तऱ्याला नुसतं 'जर्मन' म्हणत. दुकानातल्या पोराला ते बजावायचे, "जर्मन आहे तो, दगडाला लावू नकोस. चामोटीवर चार हात मार, पुरे." कारखाना कोणता, साल कोणतं, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. मला होतं. तिथून पुढचा माझा बराच पगार त्या उत्सुकतेपायी गेला.

तर फोविंकेल. पावसाची भुरभुर होती. एका बाईंनी चमचे, टोप्यांच्या पिना आणि युद्धाआधीच्या पोस्टकार्डांचे गठ्ठे मांडले होते. त्यांच्या टेबलाखाली चिरुटाचा लाकडी डबा होता, त्यात वस्तरे. आजोबांचे, म्हणाल्या. जगातल्या सगळ्या जुन्या बाजारांत सगळे वस्तरे आजोबांचेच असतात. मी डबा मांडीवर घेतला, भाचा छत्री धरून उभा राहिला.

वस्तरा पारखणाऱ्यांच्या दोन जाती. नाव बघून घेणारे आणि पातं बघून घेणारे. मी स्वतःला दुसऱ्या जातीतला समजतो, पण डोळे आधी मानेकडेच जातात. मान म्हणजे पातं संपून दांडीत शिरण्याआधीचा तो जाड, अरुंद भाग. कारखानदाराचा ठसा तिथे असतो. डब्यातल्या पहिल्या वस्तऱ्याच्या मानेवर इंग्रजी वळणाचं नाव होतं, खाली न्यूयॉर्क. उलट्या बाजूला एकच शब्द : जर्मनी. पात्यावर सोनेरी मुलाम्यात 'सिल्व्हर स्टील'.

या तीन खुणा जुळवल्या की वस्तरा बोलायला लागतो. अमेरिकेनं १८९० साली मॅकिन्ली यांच्या नावाचा जकात कायदा केला. बाहेरून येणाऱ्या मालावर तो कुठल्या देशातला हे लिहिलंच पाहिजे, असं त्यात कलम होतं आणि १८९१ पासून ते अमलात आलं. तोवर सोलिंगेनचे वस्तरे देशाचं नाव न घेता अमेरिकेत उतरत. न्यूयॉर्कच्या आयातदारांची तर चैनच होती. ते आपलं नाव, आपलं बोधचिन्ह कळवत, सोलिंगेनमध्ये तसा ठसा तयार होई, आणि अमेरिकी न्हाव्याला वाटे की हा आपल्याच मुलखातला माल. कायद्यानंतर मागच्या बाजूला 'जर्मनी' आलं. पुढे, साधारण पहिल्या महायुद्धानंतर, 'मेड इन जर्मनी' असं पुरतं लिहिण्याचा रिवाज पडला. म्हणून नुसतं 'जर्मनी' दिसलं की संग्राहक वस्तरा १८९१ ते महायुद्ध या काळात टाकतात. खूण ढोबळच. ठसा म्हणजे कडक पोलादात कोरलेला शिक्का, तो मोडेपर्यंत कोण फेकून देतो? 'वेस्ट जर्मनी' असेल तर मात्र वादच नाही : १९४९ ते १९९०.

'सिल्व्हर स्टील'ची कथा आपल्या घराजवळून जाते. अठराव्या शतकाच्या शेवटी मुंबईत हेलेनस स्कॉट नावाचे कंपनी सरकारचे डॉक्टर होते. त्यांनी दख्खनच्या मुशीत ओतलेल्या पोलादाच्या वड्या लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवल्या. हेच ते वूट्झ नावाचं पोलाद. जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर १७९५ साली रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. तिथून हे पोलाद जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या चाकू-वस्तरे करणाऱ्या कारागिराच्या हाती गेलं. त्यानं त्याची पाती केली, जाहिरात केली आणि त्याचं रहस्य शोधायला मायकेल फॅरेडे या तरुण रसायनज्ञाला जोडीला घेतलं. वूट्झचा उलगडा काही त्यांना झाला नाही. पण पोलादात निरनिराळे धातू मिसळून बघताना त्यांना आढळलं की पाचशे भागांत एक भाग चांदी घातली तर पातं चांगलं होतं. १८२२ साली हे छापून आलं आणि इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या वस्तऱ्यांच्या व्यापाऱ्यांना आयतं नाव मिळालं. नाव चाललं, चांदी मागे राहिली. पुढे वस्तऱ्यावर 'सिल्व्हर स्टील' लिहायला खिशात चांदी असण्याचीही गरज उरली नाही. शेफिल्डचं बघून सोलिंगेननंही ते उचललं. मुंबईहून निघालेल्या एका पार्सलाची ही शेपटी न्यूयॉर्कच्या नावाच्या जर्मन वस्तऱ्यावर, फोविंकेलच्या पावसात माझ्या मांडीवर. मी तो वस्तरा बाजूला काढला. सोनेरी मुलामा शाबूत होता, आणि तो चोळून घालवणाऱ्यांच्या हाती जाऊ नये असं मला फार वाटतं.

दुसऱ्यावर मोठ्या ऐटीत 'गेस. गेश.' होतं. ही दुकानदाराची आद्याक्षरं नव्हेत; 'कायद्यानं संरक्षित' याचं ते जर्मन आखूड रूप. अमेरिकी लिलावांत याच नावाचा कारखाना कल्पून वस्तरे विकले जातात. 'डी.आर.जी.एम.' हा तसाच दुसरा सापळा. ती छोट्या शोधांच्या नोंदणीची खूण, १८९१ साली सुरू झालेली. तिचा उपयोग एवढाच की वस्तरा त्याआधीचा नाही हे पक्कं होतं. त्या वस्तऱ्याची दांडी कासवाच्या पाठीसारख्या पिवळ्या-तपकिरी सेल्युलॉइडची होती. नाकाशी नेली. कापराचा वास आला तर ठीक. आंबूस, नाकात झोंबणारा वास आला तर वस्तरा घ्यायचा नाही. सेल्युलॉइड म्हणजे कापूर मिसळलेलं नायट्रोसेल्युलोज. ते सडायला लागलं की त्यातून आम्लाच्या वाफा सुटतात आणि दांडीच्या आत मिटलेलं पातं गंजून भोकं पडेपर्यंत खाल्लं जातं. शिवाय शेजारच्या वस्तऱ्यांनाही लागण होते. हा आंबूस होता. परत डब्यात.

एक हस्तिदंती दांडीचाही होता, सुरेख. त्याला हात लावला नाही. परवान्याशिवाय हस्तिदंत सीमेपलीकडे नेता येत नाही, आणि कस्टमच्या माणसाला शेफिल्ड आणि सोलिंगेनमधला फरक समजावत बसायची मला हौस नाही.

तळाशी होता तो वस्तरा अगदी साधा. काळी दांडी, गोल टोक, मुलामा नाही, चित्र नाही. मानेवरचा ठसा इतका झिजलेला की शेवटची चार-पाच अक्षरं आणि कसलासा आकडा एवढंच बोटाला लागत होतं. पण पातं उघडून मी उजेडाकडे धरलं आणि भाच्याला म्हटलं, "छत्री जरा बाजूला घे."

इथे थोडं थांबून सांगायला हवं. जुना वस्तरा, विशेषतः अठराव्या शतकातला, पाचरीसारखा असे : पाठीला जाड, धारेकडे सरळ निमुळता. त्याला दगडावर धार काढणं म्हणजे अख्खी बाजू घासणं. एकोणिसाव्या शतकात पात्याच्या दोन्ही बाजू गोल दगडावर आत कोरायला सुरुवात झाली. दगड जितका लहान तितकी खोली जास्त. पुढे सोलिंगेनच्या कारागिरांनी ही कोरणी इतकी पातळ नेली की पाठ सोडली तर मागे कागदासारखा पत्रा उरावा. त्याला ते 'पूर्ण पोकळ' म्हणतात. पातं दगडावर सपाट ठेवलं की पाठ आणि धार अशा दोनच जागी ते टेकतं, त्यामुळे कोन आपोआप ठरतो. पाच अष्टमांश इंचाच्या, म्हणजे साधारण सोळा मिलिमीटर रुंदीच्या पात्याला साडेचार मिलिमीटर जाडीची पाठ असली तर कोन सोळा अंशांच्या आसपास येतो. पाठ आणि धार बरोबरीनं झिजतात, म्हणून कोन टिकतो. ज्याची पाठ एका टोकाला जास्त सपाट झालीय, त्याला कुणीतरी वेड्यावाकड्या हातानं धार काढलीय, असं समजायचं आणि पुढे चालायचं.

या वस्तऱ्याची पाठ टोकापासून मानेपर्यंत सारखी झिजली होती. म्हणजे आजोबांचा हात चांगला होता. पोकळी दोन्हीकडून सारखी. उजेडाची रेघ पात्यावरून सरकताना कुठेच तुटत नव्हती. नख लावलं तर पात्यातून स्वच्छ आवाज आला. बाईंनी त्याची किंमत सगळ्यांत कमी सांगितली, कारण त्यावर नाव नव्हतं. आणि मला या सगळ्या नादातली खरी गोम नेमकी तिथे दिसते. बाजार नावाला पैसे देतो. नाव तर बहुतेक वेळा विकणाऱ्याचं असतं.

मंगळवारी आम्ही ग्रेफ्राटला गेलो. सोमवारी तिथलं संग्रहालय बंद. फोविंकेलहून ६८३ नंबरची बस सोलिंगेनकडे जाते. ही विजेच्या तारांवर चालणारी ट्रॉलीबस. जर्मनीत आता तीनच गावांत अशी बस उरली आहे, त्यांतलं सोलिंगेन हे एक, इथे ती १९५२ पासून आहे. मुंबईत लहानपणी पाहिलेली ट्रॉलीबस आठवून मी खूष झालो, भाचा मोबाइलमध्ये होता. ग्रेफ्राट पूर्वी वेगळं गाव होतं. काळ्या पाटीच्या खापऱ्यांनी मढवलेल्या भिंती, पांढऱ्या चौकटी, हिरवी झापं. वर टेकाडावर जुना मठ, त्यात जर्मन पाती-संग्रहालय. सोलिंगेनचा मधला भाग ४ आणि ५ नोव्हेंबर १९४४ च्या बाँबफेकीत बेचिराख झाला, म्हणून जुनं काही बघायचं तर ग्रेफ्राटलाच यावं लागतं. त्या आगीत कारखाने, गोदामं आणि त्यांतली कागदपत्रंही गेली. वस्तऱ्यांची वंशावळ लावताना मधेच पानं फाटलेली का असतात, याचं हेही एक कारण.

संग्रहालयात तलवारी जास्त, वस्तरे कमी. आधी माझा हिरमोड झाला. मग एका पात्यावर लांडगा दिसला. चार-पाच फटकाऱ्यांत कोरलेला, धावता. ही खूण मुळात पासाउ या गावच्या शस्त्रकारांची. तिचा बोलबाला झाल्यावर सोलिंगेनच्या लोहारांनी ती सरळ आपल्या पात्यांवर मारायला सुरुवात केली. एवढ्यावर भागलं नाही. स्पेनमधल्या तोलेदोच्या नामांकित कारागिरांची नावं, आंद्रेआ फेरारा हे इटालियन नाव, तेही सोलिंगेनच्या पात्यांवर सापडतं. मराठ्यांच्या फिरंग तलवारींची पाती युरोपातून आलेली, त्यांत जर्मन पाती पुष्कळ, आणि काहींवर हाच लांडगा धावताना दिसतो. म्हणजे आपल्याकडच्या सरदारानं ज्या खुणेवर विश्वास टाकला ती खूण ज्याची होती त्यानं ते पातं कदाचित पाहिलंही नसेल. पातं मात्र चांगलं असणार. नाहीतर इतक्या लढायांतून घरोघरच्या देवघरापर्यंत पोचलं नसतं.

हीच खोड वस्तऱ्यांच्या काळात चालू राहिली. एकोणिसाव्या शतकात जगातला उत्तम वस्तरा शेफिल्डचा, म्हणून सोलिंगेनच्या काही कारखानदारांनी आपल्या चाकूवस्तऱ्यांवर 'शेफिल्ड' मारलं. शेफिल्डवाल्यांनी इतका आरडाओरडा केला की ब्रिटिश संसदेनं १८८७ साली मालाच्या खुणांचा कायदा केला आणि परदेशी मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. 'मेड इन जर्मनी' ही शिक्षा म्हणून लावलेली पाटी होती. तोवर जर्मन माल म्हणजे स्वस्त आणि भिकार अशी समजूत होती. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनाहून परतलेल्या फ्रान्झ रोलो या जर्मन अभियंत्यानंच घरच्या लोकांना तसं सुनावलं होतं. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत चित्र पालटलं. ती शिक्षेची पाटीच लोक मालाची खात्री म्हणून वाचायला लागले. आणि मग सोलिंगेनचं नाव इतर गावांत चोरीला जायला लागलं. त्यावर १९३८ साली जर्मनीत स्वतंत्र कायदा झाला, त्याची जागा १९९४ च्या नियमावलीनं घेतली. सोलिंगेन आणि शेजारच्या हान या गावाच्या हद्दीत मुख्य कामं झालेल्या मालालाच हे नाव लावता येतं. तीन-चारशे वर्षं दुसऱ्याचं नाव कोरणाऱ्या गावानं शेवटी आपल्या नावाला कायद्याचं कुलूप लावलं. मला यात दांभिकपणा दिसत नाही. चोराला कुलपाची किंमत जास्त कळते, इतकंच.

खरी, आपली म्हणावी अशी चिन्हंही इथे होती आणि त्यांची नोंद कारागिरांच्या मंडळाकडे होत असे. पेटर हेन्केल्स यांनी १३ जून १७३१ रोजी जुळ्या मुलांची खूण नोंदवली, मिथुन राशीची. ती आजही त्या कारखान्याच्या चाकूवर आहे. ब्योकर कारखान्याचं झाड, डोवो कारखान्याच्या एका वस्तऱ्यावरचा बिस्मार्कचा सोनेरी चेहरा, ही संग्राहकांना झोपेतही ओळखता येतील अशी. पण चिन्ह वारशानं जाई, विकलं जाई, बुडालेल्या कारखान्याकडून दुसरा घेई. शिवाय एक कारखानदार दुसऱ्यासाठी वस्तरे करून देई. मग 'हा कुणाचा' या प्रश्नाला उत्तर काय?

काचेच्या एका कपाटात आठवड्याचा संच होता. मखमलीत सात वस्तरे, प्रत्येकाच्या पाठीवर वाराचं नाव. एकदा वापरल्यावर पोलादाला आठवडाभर विश्रांती मिळावी ही कल्पना. असे संच सोलिंगेननं निरनिराळ्या भाषांत वार कोरून जगभर विकले. भाचा म्हणाला, "मामा, यातला रविवारचा बघ, सगळ्यांत जास्त झिजलाय." खरंच होतं. चर्चला जाताना दाढी करायची, बाकीचे दिवस राम भरोसे.

वस्तरा कुणाचा, या प्रश्नाचं उत्तर मिळालं तर खाली नदीवर मिळेल असं वाटत होतं. सोलिंगेन डोंगराच्या कण्यावर वसलंय, नदी खोल दरीत आहे. व्यापारी, कचेऱ्या, गोदामं वर. पाण्यावर चालणारे घासणीचे कारखाने खाली. या कारखान्यांना 'कोटन' म्हणतात. वुप्पर आणि तिच्या ओढ्यांवर एके काळी शंभराहून अधिक होते. एकच वस्तरा लोहाराकडून पाणी देणाऱ्याकडे, तिथून घासणाऱ्याकडे, मग झिलई करणाऱ्याकडे, मग दांडी बसवणाऱ्याकडे जाई. प्रत्येकाचं घर वेगळं, मजुरी वेगळी. माल वर-खाली न्यायचं काम बायका करत. डोक्यावर वेताची टोपली, टोपलीत पाती, आणि पायाखाली चढण. गावात त्यांचा पुतळा आहे. आपल्या बाजारात असला वस्तरा विकताना 'अमुक कारखान्यानं बनवलेला' असं लिहितात. त्या कारखान्यानं बऱ्याचदा फक्त ठसा मारला, डबी दिली आणि पैसे घेतले.

आम्ही नदीकाठच्या बुर्गहून कडेकडेनं चालत बाल्कहाउझर कोटनला पोचलो. पाणचाक फिरत होतं, आत चामड्याचे पट्टे छताशी गोल गोल. ओल्या दगडाचा, तेलाचा आणि भिजल्या लाकडाचा वास. पूर्वीचे घासणीचे दगड माणसाच्या उंचीहून मोठे असत. आतून तडा गेलेला दगड फिरता फिरता फुटे आणि समोर बसलेल्या माणसाला घेऊन जाई. त्यातून वाचला तो दगडाच्या आणि पोलादाच्या धुळीनं जाई. घासणाऱ्यांची फुप्फुसं लवकर जात, चाळिशी गाठणं कठीण होई. १८४८ च्या मार्चमध्ये याच लोकांनी ओतीव लोखंडाच्या स्वस्त कात्र्या काढणाऱ्या भट्ट्यांवर चाल करून त्या फोडल्या. वस्तऱ्याच्या इतिहासाच्या पुस्तकांत ही माणसं क्वचित भेटतात. पुस्तकं ठशांची असतात.

तिथे एक निवृत्त कारागीर येणाऱ्यांना घासणी करून दाखवत होते. ऐंशीच्या आसपासचे, चामड्याचा एप्रन बांधलेला, बोलणं कमी. मी पिशवीतून दोन वस्तरे काढले. एक फोविंकेलचा बिननावाचा, दुसरा पुण्याहून नेलेला, जुन्या बाजारात मिळालेला 'जर्मन'. भाच्यानं ओळख करून दिली, "हे माझे मामा, भारतातून आलेत." त्या कारागीर आजोबांनी आधी फोविंकेलचा घेतला. ठशाकडे पाहिलंही नाही. खिडकीशी जाऊन पातं तिरकं धरलं, उजेडाची रेघ टोकापासून मानेपर्यंत सरकवली, परत उलटी आणली. मग धारेच्या किंचित वर, जिथे पातळ पत्र्यात एक केसभर जाड पट्टी सोडलेली असते, तिथे नख फिरवलं. ही पट्टी नसेल तर इतकं पातळ पातं राठ दाढीवर थरथरतं. ती डोळ्यानं नीट दिसत नाही, ती हातानं सोडायची असते, दोन दगडांच्या मधे पातं ओढताना.

"चांगला होता," ते म्हणाले.

मला आधी वाटलं वस्तऱ्याबद्दल बोलतायत. भाच्यानं खुलासा केला : घासणारा चांगला होता.

मी विचारलं, कारखाना कोणता असेल? त्यांनी खांदे उडवले. त्यांच्या वडिलांकडे, म्हणाले, एका आठवड्यात तीन-तीन व्यापाऱ्यांचा माल असायचा. सोमवारी एकाच्या टोपलीतला, गुरुवारी दुसऱ्याच्या. दगड तोच, माणूस तोच. ठसा आधीच मारून आलेला असे, तो वाचायला वेळ कुणाला होता. "नाव हवं असेल तर वर जा," त्यांनी डोंगराकडे बोट दाखवलं. "तिकडे नावं पुष्कळ."

मग पुण्याचा वस्तरा घेतला. तोही उजेडात फिरवला, मान हलवली. आणि एकदम कपाळाला आठ्या. पाठीवरून बोट फिरवून त्यांनी भाच्याला काहीतरी फटकन विचारलं.

"मामा, ते विचारतायत तू धार काढताना पाठीला चिकटपट्टी लावतोस का?"

लावतो. पाठीवर नक्षी किंवा सोन्याचं काम असेल तर वीजवाल्यांची एक पट्टी लावून धार काढायची, म्हणजे पाठ घासत नाही. जगभरचे संग्राहक तसं करतात. आजोबांना हे अजिबात मान्य नव्हतं. पट्टीनं कोन वाढतो, त्यांचं म्हणणं. वस्तऱ्याचा कोन घासणाऱ्यानं ठरवून दिलाय, तो बदलणारे तुम्ही कोण? पाठ झिजणारच, झिजण्यासाठीच ती आहे.

मी म्हटलं, कोनात पडणारा फरक अंशाच्या आसपास, दाढीला कळतसुद्धा नाही. आणि नक्षी एकदा गेली की परत येत नाही.

"नक्षी पाहून कुणाची दाढी झालीय?" ते म्हणाले.

"दाढी तर आता पाच रुपयांच्या ब्लेडनं होते," मी म्हटलं. "नक्षी तेवढी राहिलीय."

भाच्यानं हे जर्मनमध्ये कसं सांगितलं देव जाणे, त्यातला बराच भाग त्यानं गाळला असावा. आजोबांनी ठेवणीतला एक वस्तरा आणला, चामड्याचा पट्टा खिडकीच्या आकड्याला अडकवला आणि पट्टी न लावता धार कशी काढतात हे पहिल्यापासून दाखवायला बसले. पहिला मुद्दा होता मनगटाचा, तिथे आमचं एकमत झालं. दुसरा होता दगड ओला किती ठेवायचा. तिथे परत जुंपली, आणि भाचा घड्याळ दाखवून सांगत होता की बुर्गहून वर जाणारी बस आता चुकणार.